वाघ सरकारचा, गोऱ्हा माहा

मंडळी, गेले दोन शनिवार रिलीजच्या गडबडीत बुडाले, त्यामुळे इथे शुकशुकाट होता. आज मात्र सकाळीच चहाचा मग घेऊन बसलोय. विषय बरीच वर्षं डोक्यात घोळतो आहे. सुरुवात हिमालयात आणि शेवट आर्णीत. आर्णी कुठे आहे हे विचारणाऱ्या पुणेकर मित्रांसाठी: यवतमाळहून माहूरच्या रेणुकेला जाताना रस्त्यात लागतं ते. अरुणावती नदी, बाबा कंबलपोष यांचा दर्गा, आणि चहूकडे कापूस, सोयाबीन, तूर. आमचं मूळ गाव तिथून जवळच. काका अजून शेती करतात.

२०१८ ची दिवाळी. मी गावी पोचलो तो दिवस वसुबारसेचा होता, ४ नोव्हेंबर. काकू गायवासराची पूजा करत होती. मी ओसरीवर मोबाईल हातात घेऊन चिडून बसलो होतो. दोनच दिवसांपूर्वी, २ नोव्हेंबरच्या रात्री, आपल्याच जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-१ वाघिणीला गोळी घातली होती. शहरातल्या लोकांना ती 'अवनी' म्हणून माहीत. तिला वाचवा म्हणून जो ऑनलाईन अर्ज फिरत होता त्यावर मीही ऑफिसातून सही केली होती, चार मित्रांनाही करायला लावली होती. ते मी काकांना मोठ्या अभिमानाने सांगितलं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बापू, वाघ सरकारचा, गोऱ्हा माहा, अन् फोटो तुमचा. असं कसं जमन?"

त्यांचा एक गोऱ्हा आदल्या वर्षी जंगलालगतच्या ई-क्लासात मारला गेला होता. काका लग्नाला बाहेरगावी, घरच्यांना काय करायचं ते माहीत नाही, कळवायला उशीर झाला. पंचनामा वेळेत झाला नाही आणि भरपाई काही मिळाली नाही. पैशापेक्षा त्यांना वेगळीच गोष्ट लागली होती: या सगळ्या प्रकारात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. वाघ यावा की नाही, आला तर काय करायचं, गुरं कुठे चारायची, यातलं काहीच नाही. मला उत्तर सुचलं नाही. त्या एका वाक्यापायी मी नंतर बरंच वाचत बसलो, त्याचाच हा लेखाजोखा.

तर आधी थोडा इतिहास.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. आपला जिल्हा तेव्हा या नावाने नव्हताच. आधी आग्नेय वऱ्हाड, मग वणी जिल्हा, आणि यवतमाळ हे नाव १९०५ साली लागलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि इंग्रजांचं लक्ष वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळलं. कुरणं आणि झाडोरा मोडून कापूस पेरला गेला. जे जंगल उरलं त्यातलं बरंचसं १८७८ च्या वन कायद्यानंतर 'राखीव' झालं. म्हणजे एकीकडे चराई आक्रसली आणि दुसरीकडे जंगलात जायला परवाना लागायला लागला. गुरं, माणसं आणि वाघ या तिघांची खेचाखेच आपण समजतो तशी कालपरवाची नाही. तिची मुळं या दोन-तीन दशकांत आहेत.

त्या काळी वाघ हा सरकारच्या लेखी उपद्रवी प्राणी. मारा आणि बक्षीस घ्या! इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा तपासून पाहिला: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून जास्त वाघ आणि दीड लाखाहून जास्त बिबटे मारल्याची नोंद आहे. ही फक्त नोंद झालेली संख्या. हौसेखातर केलेल्या शिकारी वेगळ्याच.

आणि गावकऱ्यांचं काय? १८७८ सालीच शस्त्रकायदाही आला, त्यामुळे बंदूक सगळ्यांकडे नव्हती. साहेब किंवा संस्थानिक शिकारीला आला की गावाने हाका घालायचा, गारा म्हणून रेडा बांधायचा, मचाण उभारायचं. वाघ पडला की कातडं साहेबाच्या दिवाणखान्यात. हाकाऱ्यांतला कुणी जखमी झाला तर त्याचं नशीब. वाघ तेव्हाही सरकारचाच होता, फक्त तो मारायला परवानगी होती इतकंच.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं हे चालू राहिलं. मग १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, त्याच वर्षीच्या मोजणीत देशात १८२७ वाघ, आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपल्या विदर्भातलं मेळघाट होतं. हे सगळं झालं नसतं तर आज वाघ फक्त चित्रात बघावा लागला असता, यात शंका नाही. पण गावाच्या बाजूने बघा. काल वाघ मारला की बक्षीस होतं, आज मारला की तुरुंग आहे. दोन्ही हुकूम वरूनच आले. मधल्या मधे गावाला कुणी विचारलं नाही. काकांचं वाक्य १९७२ च्याही आधीपासून लागू होतं तर!

आपल्या जिल्ह्यात १९९७ साली टिपेश्वर अभयारण्य झालं. टिपाई देवीवरून हे नाव. आर्णीच्या पूर्वेला, घाटंजी आणि पांढरकवड्याच्या बाजूला, साधारण १४८ चौरस किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं, पण ताडोबा किंवा मेळघाटच्या मानाने टिकलीएवढं. आत वाघ वाढले, की तरुण वाघांना बाहेर पडावंच लागतं. आणि बाहेर काय आहे? कापूस, तूर, ई-क्लास, गावं, कोलाम पोड, पुन्हा कापूस.

२०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि पांढरकवड्याच्या भागात टी-१ ने जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १३ मृत्यूंचं खापर तिच्यावर फुटलं. त्यात गुराखी होते, शेतकरी होते, मजूर होते. वेचणीला बायका जाईनात, एकट्या माणसाने शेतात जायची सोय उरली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. कॅमेरे आले, हत्ती आले, तिला भुलवायला चक्क महागड्या अत्तराची चर्चा झाली. शेवटी ती गेली. तिच्या मागे दोन पिल्लं उरली. त्यातली मादी डिसेंबरमध्ये पकडून पेंचला नेली. तिला २०२१ मध्ये जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच तीही मेली.

मी सही केली ती चूक होती का? आजही मला तसं वाटत नाही. त्या मोहिमेबद्दलचे प्रश्न खरेच होते. पण सही करताना त्या तेरा घरांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं, वाघिणीचं मात्र माहीत होतं. हे लिहितानाही जरा ओशाळायला होतं. असो.

आता हिमालयाकडे वळूया. मधे एका उन्हाळ्यात आम्ही ऑफिसातले चौघं स्पितीला गेलो होतो. किब्बर नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ४,२०० मीटरवर. मातीची पांढरी घरं, याक, सातूची आणि वाटाण्याची शेतं. तिथे हिमबिबट्या असतो. आम्हाला अर्थातच दिसला नाही (आम्हाला रस्त्यातला खड्डासुद्धा वेळेवर दिसत नाही). पण ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी जे सांगितलं त्यावरून मी परत आल्यावर पुस्तकं उघडली.

चारुदत्त मिश्रा नावाचा एक संशोधक १९९० च्या दशकात किब्बरला जाऊन राहिला. तो होता नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचा, ही संस्था १९९६ साली म्हैसूरला सुरू झाली. त्याने घराघरांत जाऊन हिशेब मांडला. हिमबिबट्या आणि लांडगा मिळून गावाची दर वर्षी सरासरी १२ टक्के जनावरं मारत होते. कल्पना करा, आपल्या पगाराचा आठवा हिस्सा दर वर्षी कुणीतरी रात्री येऊन खाऊन जातंय, आणि वरून आपल्याला सांगतंय की तो दुर्मिळ आहे, त्याला हात लावू नका. सरकारी भरपाई होती, पण नुकसानीच्या मानाने ती अगदीच किरकोळ.

त्याने दुसरीही एक गोष्ट पाहिली. हिमबिबट्याचं खरं खाणं म्हणजे भरल, निळसर करडी डोंगरी मेंढी. पण गावाची गुरं इतकी वाढली होती की भरलला चाराच उरत नव्हता. भरल कमी, म्हणून बिबट्या गोठ्याकडे. आपल्या भाषेत, चूक दिसत होती एका ठिकाणी आणि होती भलतीकडेच.

मग काय केलं? कुंपण घातलं नाही, अभयारण्य वाढवलं नाही. गावाच्या सभेत बसून बोलणी केली. १९९८ साली गावाने स्वतःच्या चराईतला सुमारे पाच चौरस किलोमीटरचा तुकडा गुरांसाठी बंद करायचं कबूल केलं. त्याबद्दल गावाला मोबदला, आणि राखणीला गावातलेच लोक. काही वर्षांत त्या भागातल्या भरलची संख्या कित्येक पटींनी वाढली. नंतर गावाने तो तुकडा वाढवला.

आणि २००२ मध्ये विमा सुरू झाला. हा भाग मला फार आवडला. ज्याला याक किंवा घोडा यांचा विमा काढायचा त्याने ठरलेला हप्ता भरायचा. सुरुवातीला बाहेरून भर घातली, पण पेटी गावाची, समिती गावाची. जनावर मेलं की गावातलीच माणसं जाऊन बघतात की खरंच बिबट्याने मारलं की कड्यावरून पडलं. शेजाऱ्याला फसवणं कठीण असतं, कारण पेटीत पैसे शेजाऱ्याचेही असतात! वर, ज्याने गुरांची नीट राखण केली त्याला बक्षीस.

लडाखमध्ये रिंचेन वांगचुक यांनी वेगळी वाट काढली. हिमबिबट्या रात्री मेंढरांच्या वाड्यात उतरला की घाबरलेली मेंढरं सैरावैरा धावतात, आणि तो एकामागून एक पाडत सुटतो. सकाळी वीस-पंचवीस मेंढ्या मेलेल्या पाहून गाव त्याला दगडांनी ठेचतं. उपाय साधा: वाड्याला वरून जाळी आणि भक्कम दार. शिवाय घरातच पाहुणे उतरवायची सोय, म्हणजे बिबट्या बघायला येणाऱ्याचे पैसे हॉटेलवाल्याला न जाता त्याच घरात पडतात. मंगोलियात १९९८ पासून बायका लोकरीच्या वस्तू विकतात, आणि वर्षभर त्या भागात हिमबिबट्याची शिकार झाली नाही तर सगळ्यांना जास्तीचा बोनस मिळतो. एकाने मारला की सगळ्यांचा बोनस बुडतो. म्हणजे राखणदार आपोआप तयार.

२००९ साली भारत सरकारने हिमबिबट्या प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यात गावांचा सहभाग हा पायाच धरला. कारण उघड आहे: हा प्राणी अभयारण्याच्या हद्दीत मावतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये देशातली पहिली पूर्ण मोजणी जाहीर झाली, अंदाज ७१८.

इथे तुम्ही म्हणाल, की बाबा रे, हिमबिबट्या माणसाला खात नाही. बरोबर! हाच मोठा फरक आहे, आणि तो लपवून चालणार नाही. बोराटीतल्या माणसाला याकच्या विम्याची गोष्ट सांगायला गेलात तर तो हाकलून देईल, आणि योग्यच करेल. किब्बरमध्ये प्रश्न जनावरांचा आहे, आपल्याकडे माणसांचाही. दुसरं, किब्बरमध्ये चराई गावाची सामायिक आहे आणि सभेचा शब्द चालतो. आपल्याकडे ई-क्लासावर अतिक्रमणं आहेत, जमीनवाला आणि मजूर यांचं हित एक नाही, आणि ढोरकी बहुतेक वेळा सगळ्यात गरीब घरातला असतो. वाघाशी गाठ त्याची पडते, ग्रामसभेत मात्र तो मागे उभा असतो.

मग या गोष्टीतून आपल्याला घ्यायचं काय? माझ्या मते उपाय उचलायचा नाही, पद्धत उचलायची. आधी जाऊन राहायचं, मोजायचं, आणि ज्याचं नुकसान होतंय त्यालाच ठरवायला बसवायचं. महाराष्ट्रात हे झालेलं आहे.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्नर भागात बिबट्यांचे हल्ले वाढले. पिंजरे लावून बिबटे धरले आणि लांब नेऊन सोडले. विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की या हलवाहलवीनेच त्रास वाढला होता. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या बिथरतो, आणि रिकाम्या जागी दुसरा येतो. पुढे अकोल्याच्या (नगरचं अकोले, आपलं अकोला नव्हे!) ऊसपट्ट्यात कॅमेरे लावल्यावर कळलं की माणसांच्या दाट वस्तीत, दर १०० चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे राहतात, आणि त्या काळात तिथे माणूस मेल्याचं एकही उदाहरण नव्हतं. मुंबईत २०११ पासून वनखातं, अभ्यासक आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचे रहिवासी एकत्र येऊन हेच शिकले: कचरा हटवा, रात्री पोराला एकटं सोडू नका, बिबट्या दिसला की पिंजऱ्याचा हट्ट धरू नका.

आणि विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली १,००६ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबूचा धंदा स्वतःच्या हातात घेतला, पण तेंदूपत्ता तोडणं आपणहून बंद केलं. पत्त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, जंगलाचं नुकसान होतं म्हणून. हातातलं उत्पन्न गावाने स्वतः सोडलं. जंगल आपलं आहे हे कागदावर आल्यानंतर सोडलं, हे महत्त्वाचं.

यवतमाळात काय करता येईल याची यादी काकांनीच मला एका रात्रीत दिली होती, मी फक्त टाईप करतोय. एक, शेतीपंपाला दिवसा वीज. रात्री बारा वाजता ओलिताला जाणारा माणूस अंधारात पाठमोरा वाकलेला असतो, वाघालाही तो माणूस वाटत नाही. दोन, रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणाला मदत, म्हणजे जागलीला जावं लागणार नाही. तीन, ढोरक्याला दोन पैसे जास्त आणि सोबतीला जोडीदार. चार, जनावर मेलं तर गावातलाच कुणीतरी शिकलेला पोरगा त्याच दिवशी फोटो काढून कळवेल अशी सोय. यातल्या बऱ्याच गोष्टी २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेत किंवा ताडोबाभोवतीच्या गावांमध्ये या ना त्या रूपात झालेल्या आहेत. माणूस दगावला तर मिळणारी मदतही २०२२ मध्ये २० लाखांवर गेली, नंतर आणखी वाढली. पण मेल्यानंतरची मदत आणि मरू नये म्हणून केलेली सोय यात फरक आहे.

आणि घाई आहे. २००६ मध्ये देशात १,४११ वाघ होते, २०२२ मध्ये ३,६८२. महाराष्ट्रात २०१८ च्या ३१२ वरून ४४४. आनंदाची गोष्ट, पण हे वाघ राहणार कुठे? २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात कॉलर घेऊन निघाला आणि डिसेंबरपर्यंत जवळपास १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नंतरही तो चालतच राहिला. या वाटेत जंगल थोडं आणि शेतं फार. रात्री कुणाच्या तरी कापसातून, दिवसा एखाद्या नाल्याच्या झुडपात. त्याने वाटेत कुणाचा जीव घेतल्याची नोंद नाही. लोकांनीही त्याला जाऊ दिलं, बहुतेकांना तर तो गेल्याचं कळलंही नाही. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ २०२४ च्या अखेरीस थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला निघाला. १४८ चौरस किलोमीटरची रेघ आपण नकाशावर मारली, वाघाने ती कधीच वाचली नाही. खरं अभयारण्य काकांचं शेत आहे, फक्त ते काकांना कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी पुन्हा त्या वसुबारसेकडे येतो. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण सह्याद्रीतल्या नाशिक-नगरकडच्या आदिवासी पाड्यांवर त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघोबाच्या दगडाशी जमतात, शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळ म्हणून मागणं घालतात. गाय आणि वाघ, दोघांची पूजा एकाच तिथीला. वारल्यांच्या मुलखात वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी अभ्यासकांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. वाघ खाणार हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे. तरी बोलणं चालू ठेवायचं, देणंघेणं ठरवायचं, असा तो करार. किब्बरची विमापेटी मला त्याच जातीची वाटते.

मागच्या महिन्यात हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. किब्बर, याक, हप्ता, समिती, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: "त्या पेटीची चाबी कोनापाशी असते?"

मी म्हटलं, गावापाशी.

"मंग जमते," म्हणाले. "आमच्या ग्रामसभेत येऊन सांगशीन काय?"

पुढच्या महिन्यात जातोय. सही करण्यापेक्षा हे जरा अवघड काम आहे, मराठीत स्लाईड बनवायच्यात :)